आधी मागचे पाय

नीवेस गुआल्दी मुलांच्या कामाला हात लावत नसे. सव्वीस वर्षं ती 'ग्रिल्लो' बालशाळेतली कलेची खोली सांभाळत होती, आणि या सव्वीस वर्षांत तिनं कुणाच्या चित्रातली एक रेघ सरळ केली नव्हती की कुणाच्या मातीच्या माणसाला राहिलेला कान चिकटवला नव्हता. मूल रडलं तरी नाही. नवी शिकाऊ बाई यायची, कौतुकानं एखाद्या पोराच्या हातातला ब्रश धरून 'असं कर हं' म्हणायची, आणि नीवेस खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून अशी बघायची की त्या बाईचा हात जागच्या जागी थिजायचा. स्वतः नीवेस उभी राहायची ती एप्रनच्या खिशात दोन्ही हात खुपसून. गावात तिची थट्टा चालायची, की नीवेसचं लग्न राहिलं ते अंगठी घालून घ्यायला तिनं बोटच बाहेर काढलं नाही म्हणून. थट्टा जुनी होती आणि तिला ती मनातून आवडायची.

ग्रिल्लोत अक्षरं घोटून घेत नसत. पाहिलेली गोष्ट आधी मातीत सांगायची, मग कागदावर, मग पडद्यामागे दिवा लावून सावलीत. ते करताना मुलं जे बोलतील ते बाईंनी शब्दाला शब्द लिहून घ्यायचं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, आणि भिंतीवर लावायचं. मोजणं, बोलणं, वाद घालणं सगळं त्यातूनच यायचं. सहाव्या वर्षी ही पोरं मोठ्या शाळेत जायची तेव्हा तिथले मास्तर पहिल्या आठवड्यातच कावून जायचे, कारण ती सांगितलेलं ऐकण्याआधी 'तुम्ही स्वतः पाहिलंत का?' असं विचारायची.

मार्चमध्ये मोठ्या वर्गाची एकवीस मुलं गावाच्या टोकाच्या गोठ्यावर जाऊन आली. चीजच्या कारखान्याला दूध घालणारा गोठा, चाळीस गाईंचा. तिथला बलविंदर अठरा वर्षांपूर्वी पंजाबातून आला होता आणि आता गावातल्या तरण्या पोरांपेक्षा अस्सल गावाकडची बोली बोलायचा. त्यानं मुलांना वासरू दाखवलं, दूध काढायचं यंत्र दाखवलं, आणि एका पोराच्या बुटावर गाईनं काय केलं तेही दाखवलं. परत आल्यावर गाय मातीत करायला बसले सगळे.

त्यांत इरिस होती. पाच वर्षांची, बोलायला बेताची, काम करताना जिभेचं टोक बाहेर काढणारी. तिनं एका गाईवर दोन अख्ख्या सकाळी घातल्या. गुरुवारी दुपारी तिनं सांगितलं, झाली. शुक्रवारी ती आलीच नाही. तिच्या बापाचा फोन आला, पोरीला कांजिण्या आल्यात.

त्या शुक्रवारी दुपारी मुलं गेल्यावर नीवेस फळीवरच्या गाई तपासत होती. इरिसच्या गाईवरचं ओलं फडकं तिनं उचललं आणि ती खाली वाकली. पुढचे दोन्ही पाय दुमडून फळीला टेकले होते, मान खाली गेली होती, आणि मागचा भाग तेवढा वर राहिला होता. माती जरा पातळ झाली असणार, पाय दबले, असं तिला वाटलं. दोन सकाळी घातल्या होत्या पोरीनं. आता दहा-बारा दिवस ती घरी, तोवर माती वाळून कडक होणार, मग काही करता यायचं नाही. वर्गाची बाई लोरेत्ता असती तर तिला विचारलं असतं, पण लोरेत्ता आईला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेली होती.

नीवेसनं खिशातून हात काढले.

चार मिनिटं लागली. पुढचे पाय तिनं अलगद सोडवले, सरळ केले, खाली थोडी माती लावून घट्ट बसवले, मान उचलली. खोटं कशाला बोलायचं, तिला मजा आली. इतक्या वर्षांनी ओली माती तिच्या बोटांचं ऐकत होती. गाय चारी पायांवर नीट उभी राहिली तेव्हा नीवेसनं तिला दोन पावलं मागं जाऊन बघितलं, जसं स्वतःच्या कामाकडे बघतात. मग तिनं हात धुतले आणि ती घरी गेली. शनिवार-रविवारात ती ते विसरूनही गेली.

गाई भाजून भट्टी उघडली त्या दिवशी ती गाय सगळ्यांच्या नजरेत भरली. दर वसंतात चौकातल्या कमानींखाली शाळेचं प्रदर्शन भरायचं. आमंत्रणपत्रिकेवर कुणाचं काम घ्यायचं यावर बाया आणि पालक एरवी दोन-दोन तास भांडायचे. या वर्षी दहा मिनिटांत ठरलं. पत्रिकेवर गाईचा फोटो आणि खाली 'इरिस, पाच वर्षं दोन महिने'. तिचा बाप मिर्को पंधरा पत्रिका घेऊन गेला. तो फरशीच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता आणि लहानपणी याच शाळेत, याच खोलीत, नीवेसच्याच हाताखाली बसलेला होता.

"आमच्या घराण्यात कुणाला सरळ रेघ मारता येत नाही," तो म्हणाला. "ही कुठनं आली कुणास ठाऊक! आजीनं तर पत्रिका मदोन्ना मातेच्या तसबिरीला टेकवून ठेवलीय. देवाला नमस्कार करायचा तर आधी गाईला होतो."

इरिस परत आली तेव्हा तिच्या तोंडावर अजून खपल्या होत्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नीवेसनं गाय तिच्यासमोर ठेवली.

"ही माझी?" इरिसनं विचारलं.

"तुझीच. पोटाखाली बघ, नाव आहे."

इरिसनं गाय उलटी केली. लोरेत्तानं कोरलेलं नाव तिथं होतं. तिनं ते बोटानं चाचपलं, गाय पुन्हा ठेवली आणि तिच्या पुढच्या पायांवरून बोट फिरवलं.

"उभी आहे," ती म्हणाली.

"हो. छान उभी आहे," नीवेस म्हणाली.

पहिली चूक माती ओली असतानाची होती आणि तिला निदान घाईचं निमित्त होतं. या दुसऱ्या चुकीला कसलंच निमित्त नव्हतं. पोर विचारत होती आणि नीवेसला ते कळत होतं, पण मुलं टाळ्या वाजवत होती, आणि नीवेसनं खरं सांगितलं नाही.

इरिसनं माती मागितली. तिनं एक गाय केली, चार सरळ पायांची. मग दुसरी, तशीच. आठवडाभरात अकरा झाल्या. आता जिभेचं टोक बाहेर येत नव्हतं, एकेक गाय पाव तासात उरकायची. बाकीची मुलं तिच्याभोवती जमू लागली, कारण पत्रिकेवर तिची गाय होती.

"पाय कसे करायचे ग?"

"चार सारखे करायचे. मग वर पाठ ठेवायची," इरिस सांगायची.

पहिल्या खेपेला एका मुलानं आठ पायांची गाय केली होती, कारण ती पळत होती. एकीनं नुसतं तोंड केलं होतं, जीभ नाकात घातलेलं. आता फळीवर सगळ्या एका साच्यातल्या, बिनचूक आणि ठोकळ. आठ पायवालाही चारावर आला. नीवेस फळीवरून नजर फिरवायची आणि तिला अस्वस्थ वाटायचं, पण नेमकं काय बिघडलंय ते तिला अजून समजलं नव्हतं.

ते गुरुवारी समजलं. दर गुरुवारी दुपारी बाया टिपणं घेऊन बसायच्या. लोरेत्ता लिहायची भरभर, पण तिचं अक्षर तिलाच लागायचं नाही, त्यामुळे तिची टिपणं नेहमी दोन-तीन आठवडे मागं. त्या दिवशी ती वही डोळ्यांशी धरून गोठ्यानंतरच्या दिवसाचं वाचत होती.

"'इरिस. ही उठतेय. आधी बूड वर करते, पुढचं अजून झोपलंय.' मग मी विचारलं, 'अशी उठते गाय?' इरिस म्हणते, 'सगळ्या. मी सात बघितल्या. मागचे पाय आधी. मग गुडघ्यांवर थांबते आणि विचार करते.'" लोरेत्तानं मान वर केली. "काय निरीक्षण आहे पोरीचं! मी इतकी वर्षं या गावात राहते, कधी लक्षात नाही आलं. पण मग तिची गाय उभी कशी? मला वाटतं, नंतर तिचा विचार बदलला असेल. तू होतीस का तेव्हा, नीवेस?"

"नव्हते," नीवेस म्हणाली.

तिचे कान तापले होते. त्या पोरीनं गोठ्यात उभं राहून सात गाई उठताना बघितल्या होत्या, मोजल्या होत्या, आणि जन्मभर गाईंच्या मुलखात राहिलेल्या मोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते दोन सकाळी खपून मातीत सांगितलं होतं. आणि नीवेसनं ते दुरुस्त केलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

कबूल करून टाकावं असं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण तिनं पळवाट शोधली. मुलांना परत गोठ्यावर न्यायचं. इरिस पुन्हा गाई उठताना बघेल, तिचं तिलाच आठवेल, ती आपणहून पुन्हा पहिल्यासारखी करेल. मग कुणी कुणाला काही सांगायला नको. कल्पना इतकी सोयीची होती की नीवेसनं ती दुसऱ्याच दिवशी अमलात आणली.

दूध काढून झालं होतं आणि गाई बसून रवंथ करत होत्या. नीवेसनं बलविंदरला हळूच सांगितलं, दोन-चार उठवून दाखव.

"कशाला बाई, बसलेल्या बऱ्यात," तो म्हणाला, पण त्यानं एकीच्या पाठीवर थाप मारली. "चल ग म्हातारे, पाहुणे आलेत."

गाईनं सुस्कारा टाकला. तिचा मागचा भाग वर आला, पुढचे गुडघे जमिनीवर तसेच राहिले, क्षणभर ती त्यांवर थांबली, मग एकेक पाय टाकत उभी राहिली. नीवेस गाईकडे बघत नव्हती, ती इरिसकडे बघत होती.

इरिसनं कपाळाला आठ्या घातल्या. "हिला येत नाही," ती म्हणाली.

"काय येत नाही?"

"उठायला. ही चुकीची उठते."

बलविंदर हसला. "अग बये, चाळीस आहेत माझ्याकडे, सगळ्या अशाच उठतात. पंजाबातल्या पण अशाच उठायच्या. थांब, दुसरी दाखवतो." त्यानं दुसरी उठवली, मग तिसरी.

"सगळ्या चुकतात," इरिस म्हणाली.

नीवेस तिच्यासमोर उकिडवी बसली. "चूक आहे असं कोण म्हणालं, इरिस?"

"कोणी नाही. मी पण अशीच केली होती. मग भट्टीत बरोबर झाली." ती समजावून सांगितल्यासारखं बोलत होती. "बाबा म्हणतात, भट्टीतून बाहेर आल्यावर खरं काय ते कळतं. मला बघताना चुकीचं दिसलं होतं."

लोरेत्ता सवयीनं लिहीत होती, तिची पेन्सिल थांबली. बलविंदरला काही उमगलं नाही, पण नीवेसचा चेहरा बघून तो चौथी उठवायचा थांबला. एवढीशी पोर स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवून मोकळी झाली होती, समोर तीन गाई उठून दाखवत असताना. आता यापुढे तिला कुठली गाय दाखवणार? जे एक वाक्य टाळायला एवढा वळसा घातला होता ते वाक्य आता इथंच, एकवीस मुलांसमोर, शेणात बसून बोलावं लागणार होतं.

"भट्टीनं काही केलं नाही," नीवेस म्हणाली. "मी केलं. तुझी गाय उठत होती. मला वाटलं मोडली, म्हणून मी तिचे पाय सरळ केले. तुला बरोबर दिसलं होतं. मला दिसलं नाही."

 मुलं एकमेकांकडे बघू लागली. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा नियम या शाळेत चार वर्षांच्या पोरालाही पाठ होता.

"तू हात लावलास?" आठ पायवाल्यानं विचारलं. त्याला खरंच वाटेना.

"लावला."

"मला विचारलं का नाहीस?" इरिस म्हणाली.

"तू घरी होतीस. कांजिण्या आल्या होत्या."

"आमच्याकडे फोन आहे," इरिस म्हणाली. "मला बोलता येत होतं."

  एक फोन, आणि पोरीनं सांगितलं असतं, ती उठतेय.

"हे लिहू का?" लोरेत्तानं हलक्या आवाजात विचारलं.

"लिही," नीवेस म्हणाली. "जसंच्या तसं."

परतीच्या वाटेवर इरिस लोरेत्ताचा हात धरून चालली. शाळेत आल्यावर तिनं माती मागितली, लोरेत्ताकडे. नीवेस नेहमीसारखी खोलीत शिरली तशी इरिसनं मातीवर दोन्ही तळवे पालथे घातले.

"तू नको येऊ."

नीवेस बाहेर गेली. सव्वीस वर्षांत तिला त्या खोलीतून कुणी घालवलं नव्हतं. बाहेर छोट्या मुलांचे बूट ओळीनं मांडलेले होते, तिथल्या बुटक्या बाकावर ती गुडघे छातीशी घेऊन बसली आणि आतला आवाज ऐकू येतो का ते बघत राहिली. तिला वाईट वाटत होतं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरंही वाटत होतं.

चारला मिर्को आला. नीवेसनं त्याला तिथंच सगळं सांगितलं. तो आधी हसला.

"म्हणजे आमची आजी इतके दिवस तुझ्या गाईला नमस्कार घालतेय?" मग त्याचं हसू मावळलं. "थांब. माझ्या पण कशाला लावला होतास का हात? त्या वेळी?"

"तुझ्या नाही. तू करायचास काय, नुसते साप."

"साप चांगले होते ते," मिर्को म्हणाला. तो खरोखर दुखावला होता. "सालं, पोरीला मीच सांगितलं भट्टीचं. फरशीबद्दल बोलत होतो मी. तिनं गाईला लावलं."

तेवढ्यात इरिस बाहेर आली. कोपरापर्यंत माती. बापाकडे न जाता ती नीवेससमोर येऊन उभी राहिली. तिचं आत सगळं ठरलं होतं असं दिसलं.

"त्या गाईवर माझं नाव नको," ती म्हणाली. "तुझं लिही. वय पण लिही."

"लिहीन."

"आणि मी जी करतेय, ती सगळ्यांनी बघायची. तू नाही बघायची."

"इरिस!" मिर्को म्हणाला.

"असू दे," नीवेस म्हणाली. "किती दिवस, इरिस?"

इरिसनं विचार केला. "नाहीच," ती म्हणाली आणि बूट घालायला बसली.

नीवेसनं शाळेच्या दारावर एक चिठ्ठी लावली, पत्रिकेवरची गाय इरिसची नाही, माझी आहे, का ते मला विचारा. दोन-तीन आयांनी विचारलं. एक म्हणाली, "एवढं काय त्यात, पायच तर सरळ केलेस!" नीवेसला ते बोलणं शिवीपेक्षा जास्त लागलं.

प्रदर्शन एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी होतं. दर वर्षी मांडणी नीवेस करायची, या वर्षी कमानींची एक बाजू तिनं लोरेत्ताकडे सोपवली आणि तिकडे फिरकली नाही. स्वतःच्या गाईखाली तिनं पाटी लावली, 'नीवेस, त्रेपन्न वर्षं चार महिने'. लोक वाचायचे आणि हसायचे. कोणी म्हणायचं, वयाच्या मानानं बरी केलीय. ती मान डोलवायची. टेबलांवर पालकाची भाजी भरलेल्या पोळ्या आणि लाल वाइन होती, मुलं खांबांभोवती पळत होती, आणि गर्दी हळूहळू लोरेत्ताच्या बाजूला सरकत होती.

नीवेस चौकाकडे तोंड करून उभी राहिली. इरिसची नवी गाय तिच्या पाठीमागे दहा पावलांवर होती. कुणाच्या लक्षात आलं नसतं. नुसती मान वळवायची होती, पाणी घ्यायला वळल्यासारखी. तिला ती गाय बघायची इतकी इच्छा होती की मानेची शीर ताठली. गुडघे कसे केलेत, मान किती खाली आहे, थांबून विचार करणारी गाय मातीत दिसते तरी कशी. इरिस गर्दीत कुठंतरी होती. ती बघत होती की नाही कुणास ठाऊक, आणि त्यानं फरकही पडत नव्हता.

मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला. जन्मभर गाई राखलेला कोणीतरी असणार, बोलीवरून कळत होतं.

"अरे, इकडे या, इकडे या! ही बघा, ही उठतेय!"

लोक हसले, मग पावलं तिकडे वळल्याचं ऐकू आलं. नीवेसच्या डोळ्यांत पाणी आलं. ती समोर चौकातल्या सायकलींकडे बघत तशीच उभी राहिली.